नोंद बदलतांच खातेदारास खबर : सर्व्हरविरहित संगणनाची ओळख

शेतकऱ्याचा हक्क जमिनींत असतो खरा. पण तो सिद्ध होतो तो कागदावर. हा कागद आतां बहुतेक ठिकाणीं संगणकांत गेला आहे. सातबारा गेला, बँकेचें खातें गेलें, काट्याची पावती गेली, दूध संस्थेची वही गेली. कागदाच्या वहींत खाडाखोड झाली तर ती डोळ्यांस दिसे. शाई निराळी दिसे, अक्षर निराळें दिसे. संगणकांतील वहींत सहाचे पांच केले तर तेथें पांचच दिसतात. पूर्वीं सहा होते याची खूण आपोआप राहत नाहीं. म्हणून नोंद बदलल्याबरोबर, ज्याची ती नोंद त्यास खबर जाणें, ही गोष्ट आज पूर्वींपेक्षां अधिक अगत्याची झाली आहे. अशी खबर थोडक्या खर्चांत, रात्रंदिवस, माणूस न बसवितां कशी देतां येते, व त्या व्यवस्थेंत धोके कोणते, हें या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

महसूल खात्याचें दप्तर लिहिण्यांत आमचीं बरींच वर्षें गेलीं. त्यामुळें हा विषय फेरफाराच्या उदाहरणानें समजावून देणें आम्हांस सोयीचें वाटतें. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम १५० प्रमाणें हक्कांत बदल झाल्याची वर्दी आली म्हणजे ती प्रथम गांव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही, हींत लिहिली जाते. तिची नक्कल चावडीवर लागते, ज्यांचा हितसंबंध असेल त्यांस लेखी कळविलें जातें, आणि हरकतीस १५ दिवसांची मुदत मिळते. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहींत जातें. न आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करितात व मग सातबारा बदलतो. या साऱ्या रचनेचें मर्म एकच : कोणाचाहि हक्क त्याच्या पाठीमागें बदलूं नये. येथें ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, नोटीस निघावी म्हणून कोणास निराळा अर्ज करावा लागत नाहीं. नोंद पडणें हेंच नोटिशीचें कारण होय. ‘घटना घडली कीं पुढचें काम आपोआप सुरू’ ही जी रीत, तिलाच संगणकाच्या शास्त्रांत इव्हेंट-ड्रिव्हन, म्हणजे घटनेनें चालणारी, रीत म्हणतात. फरक एवढाच कीं, फेरफारांत खबर आधीं व बदल मागून. संगणकांत बदल आधीं होतो व खबर मागून निघते. हा फरक वाचकांनीं पुढें विसरूं नये.

संगणकांतील वहीस डेटाबेस म्हणतात. डेटाबेसांत नोंद बदलली हें पुढच्या कामास कळविण्याच्या तीन रीती आहेत. पहिली पुसत राहण्याची. एखादा गृहस्थ रोज सकाळीं चावडीवर जाऊन “आमच्या गटावर कांहीं नोंद पडली काय?” असें विचारीत असतो, तशी ही रीत. एक लहानसा प्रोग्राम दर पांच मिनिटांनीं डेटाबेसास विचारीत राहतो. त्याच्या बहुतेक खेपा फुकट जातात; आणि दोन खेपांच्या मध्यें नोंद दोनदा बदलली तर पहिला बदल त्यास दिसतच नाहीं. दुसरी रीत ट्रिगरची. ही बरीच जुनी आहे. डेटाबेसाच्या पोटांतच एक आज्ञा लिहून ठेवितात, व नोंद होतांना त्याच व्यवहारांत ती आज्ञा चालते. यांत खबर सुटत नाहीं. परंतु आज्ञा अडखळली तर मूळ नोंदहि मागें घेतली जाते, व आज्ञेस वेळ लागला तर नोंद करणारा तेवढा वेळ ताटकळतो. वजनकाट्यापाशीं रांग लागलेली असतांना हें परवडत नाहीं. तिसरी रीत अशी कीं, डेटाबेसानें आपली नोंद पुरी करावी, झालेल्या बदलाची एक ओळ निराळ्या वहींत उतरावी, आणि ती वही वाचून पुढचें काम दुसऱ्यानें करावें. नोंद करणारा मोकळा होतो व खबरहि राहत नाहीं. आम्ही ज्या रीतीविषयीं लिहीत आहों ती ही तिसरी होय.

आतां ‘सर्व्हरविरहित’ हा शब्द घेऊं. सर्व्हर म्हणजे सतत चालू राहून इतरांचीं कामें करणारा संगणक. सर्व्हरविरहित म्हणजे सर्व्हर मुळीं नाहींच असें नव्हे. सर्व्हर आहे, पण तो आपल्या गोठ्यांत नाहीं. स्वतःची बैलजोडी असली म्हणजे नांगरट असो वा नसो, वैरण बाराहि महिने घालावी लागते. भाड्याचा ट्रॅक्टर जितके तास चालला तितक्याचेंच भाडें पडतें. तो रात्रीं कोठें उभा राहतो, त्याची दुरुस्ती कोण करितो, हें आपण पाहत नाहीं. सर्व्हरविरहित सेवेचें असेंच आहे. काम नसेल तेव्हां भाडें नाहीं. कामें एकदम आलीं तर सेवा देणारी कंपनी आणखी यंत्रें जोडून देते. मात्र ट्रॅक्टर बांधावर येण्यास जसा कांहीं वेळ लागतो, तसा येथेंहि लागतो. बराच वेळ पडून राहिलेलें काम पहिल्यानें उठतांना सेकंदाचा कांहीं अंश, क्वचित् एक सेकंदाहून अधिक, उशीर होतो. आपल्या प्रकारच्या कामांत त्याची अडचण नाहीं.

या जोडणीचें एक प्रसिद्ध उदाहरण ॲमेझॉन या अमेरिकन कंपनीच्या संगणक-सेवेंत सांपडतें. डायनॅमोडीबी नांवाचा तिचा डेटाबेस २०१२ सालीं लोकांस खुला झाला. नोव्हेंबर २०१४ मध्यें तिनें लॅम्डा ही सेवा जाहीर केली. हींत गिऱ्हाइकानें फक्त आपला लहानसा प्रोग्राम द्यावयाचा, त्यास फंक्शन म्हणतात, व तो चालविण्याची सर्व जबाबदारी कंपनीची. जुलै २०१५ मध्यें डायनॅमोडीबीस ‘स्ट्रीम’, म्हणजे बदलांची वाहती वही, सर्वांकरितां मिळाली व दोहोंची सांगड बसली. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या कॉसमॉस डीबी या डेटाबेसांत याच कामास ‘चेंज फीड’ असें नांव आहे, व तिला जोडावयाची सेवा अझ्यूर फंक्शन्स ही होय. मायक्रोसॉफ्टचीं केंद्रें पुणें व मुंबई येथें २०१५ सालीं, आणि ॲमेझॉनचें केंद्र मुंबईस जून २०१६ मध्यें सुरू झालें. त्यामुळें आपल्या संस्थेची वही परदेशीं ठेवावी लागेल असें नाहीं.

ही जोडणी चालते कशी तें पाहूं. डायनॅमोडीबीच्या वहींत नवी नोंद झाली, असलेली बदलली किंवा काढून टाकली, कीं स्ट्रीममध्यें त्या बदलाची एक ओळ पडते. नोंद पुन्हा जशीच्या तशी लिहिली व कांहींच बदललें नाहीं, तर ओळ पडत नाहीं. ओळींत काय लिहावें याचे चार पर्याय आहेत : केवळ नोंदीची ओळखखूण; नोंदीचें नवें रूप; जुनें रूप; किंवा जुनें व नवें दोन्ही. लॅम्डा सेवा ही वही सेकंदास सुमारें चार वेळां पाहते, साचलेल्या ओळींची एक गड्डी करिते, व ती आपल्या फंक्शनच्या हातीं देते. म्हणजे पुसत राहण्याचें काम जगांतून नाहींसें झालें असें नव्हे. तें आपल्या अंगावरून उतरून कंपनीच्या अंगावर गेलें, इतकेंच.

आतां आपल्या उपयोगाचें उदाहरण घेऊं. समजा, एका दूध संस्थेचे ३०० सभासद आहेत. सकाळीं व सायंकाळीं प्रत्येकाचें दूध मोजलें जातें, फॅट पाहिला जातो, आणि लिटर, फॅट व दर यांची नोंद डेटाबेसांत होते. नोंद पडतांच फंक्शन जागें होतें, सभासदाच्या मोबाईलवर आंकडे पाठवितें व त्याच्या खतावणींत रक्कम जमा करितें. इतकें काम तर कोणताहि साधा प्रोग्राम करील. खरी कसोटी आठ दिवसांनंतर लागते. कोणी तरी मागील सोमवारची ६.२ लिटरची नोंद उघडून ती ५.२ केली. ती चुकीची दुरुस्ती असेल, किंवा चुकीचें कृत्य असेल. तें डेटाबेसास कळत नाहीं. परंतु स्ट्रीममध्यें जुनें व नवें दोन्ही रूप उतरत असेल, तर सभासदास त्याच मिनिटांत असा निरोप जाऊं शकतो : “सोमवार सकाळच्या आपल्या नोंदींत ६.२ चे ५.२ लिटर करण्यांत आले आहेत. हरकत असल्यास कळवावें.” हीच ती चावडीवरची नोटीस. केवळ नवें रूप उतरविण्याचा पर्याय घेतला असेल, तर निरोपांत फक्त ५.२ येईल, व सभासदास त्यांतील फरक उमगणार नाहीं. हा पर्याय आरंभींच ठरवावा लागतो. मागाहून बदलावयाचा तर चालू स्ट्रीम बंद करून नवी उघडावी लागते. म्हणून संस्थेनें पहिल्याच दिवशीं दोन्ही रूपांचा आग्रह धरावा.

येथें एक उणीव सांगितली पाहिजे. स्ट्रीमच्या ओळींत काय बदललें तें कळतें. कोणी बदललें तें कळत नाहीं. फेरफाराच्या नोंदीस जशी लिहिणाऱ्याची व प्रमाणित करणाऱ्याची सही असते, तशी सही येथें आपोआप पडत नाहीं. नोंद बदलणाऱ्याचें नांव व बदलाचें कारण हीं दोन घरें नोंदींतच ठेवून, तीं भरल्यावांचून बदल स्वीकारूं नये अशी व्यवस्था संस्थेच्या प्रोग्रामांत करवून घ्यावी.

खर्चाचा अंदाज असा. ३०० सभासद, दिवसांतून दोन वेळ, महिन्याचे ३० दिवस, म्हणजे १८,००० नोंदी. प्रत्येक नोंदीस फंक्शन निराळें उठलें असें धरलें, तरी लॅम्डाच्या दरपत्रकांत महिन्यास पहिल्या १० लाख खेपा मोफत आहेत, व पुढील दर १० लाखांस २० सेंट पडतात. याशिवाय मेमरी व वेळ यांच्या गुणाकारावर आकार असतो. फंक्शनला १२८ मेगाबाइट मेमरी दिली व प्रत्येक खेपेस सेकंदाचा पांचवा हिस्सा लागला, तर महिन्याचा गुणाकार ४५० गिगाबाइट-सेकंद भरतो. मोफत मर्यादा ४ लाखांची आहे. म्हणजे फंक्शनचा खर्च शून्यच म्हणावा. डेटाबेसाचा आकार व एसएमएसचा खर्च निराळा आहे, आणि खरा खर्च त्यांचा व प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या मेहनतान्याचा होईल. दर कंपनीच्या हातीं आहेत. करार करितांना ते पुन्हा पाहावे. परंतु “खबर देणें परवडत नाहीं” अशी सबब या हिशेबापुढें टिकत नाहीं, एवढें आम्ही निश्चयानें सांगतों.

आतां धोके. हा भाग वाचकांनीं विशेष लक्ष देऊन वाचावा. कारण यंत्र विकणारे गुण सांगतात, धोके सांगतातच असें नाहीं.

पहिला धोका दुबार कामाचा. लॅम्डा प्रत्येक ओळ निदान एकदां पोंचविण्याची हमी देते. एकदांच पोंचविण्याची देत नाहीं. गड्डींत १०० ओळी आहेत, ६० व्या ओळीपाशीं फंक्शन अडखळलें, तर नेहमींच्या व्यवस्थेंत संपूर्ण गड्डी पुन्हा हातीं येते, व पहिल्या ५९ ओळींचें काम दुसऱ्यांदा होतें. निरोप दोनदा गेला तर फारसें बिघडत नाहीं. रक्कम दोनदा जमा झाली, किंवा पशुखाद्याची उधारी दोनदा कापली गेली, तर भांडण उभें राहतें. यावर उपाय जुन्या दप्तरांतलाच आहे. फेरफाराचा अंमल सातबारावर देतांना त्या फेरफाराचा क्रमांकहि तेथें लिहितात. क्रमांक आधींच दिसला तर तोच अंमल कोणी पुन्हा देत नाहीं. तसेंच येथें करावें. प्रत्येक ओळीस स्वतःचा क्रमांक असतो. रक्कम जमा करितांना तो खतावणींत लिहावा, व आधींच लिहिलेला सांपडला तर ती ओळ सोडून द्यावी. रक्कम जमा करणें व क्रमांक लिहिणें हीं दोन्ही कामें एकाच व्यवहारांत व्हावीं. म्हणजे एक झालें व दुसरें राहिलें असें होणार नाहीं.

दुसरा धोका तुंबण्याचा. एखादी ओळ अशी वाईट असते कीं फंक्शन तिच्यापाशीं दर वेळीं अडखळतें. मोबाईल क्रमांकाच्या घरांत अक्षरें भरलेलीं असणें एवढें कारणहि पुरतें. मग तीच गड्डी पुन्हा पुन्हा येते, व तिच्या मागच्या ओळी पाटांत दगड अडकल्याप्रमाणें तुंबून राहतात. स्ट्रीममधील ओळ केवळ २४ तास राहते. त्या अवधींत काम झालें नाहीं तर ती निघून जाते. मूळ नोंद डेटाबेसांत शाबूत असते, पण बदलाची खबर मात्र बुडते. शनिवारीं रात्रीं बिघाड झाला व सोमवारीं कोणीं पाहिला, तर मधल्या काळांतील कांहीं खबरा गेल्याच म्हणून समजावें. २०१९ सालापासून यावर उपाय उपलब्ध आहेत : अडखळलेल्या गड्डीचे दोन भाग करून वाईट ओळ हुडकणें, खेपांस मर्यादा घालणें, व न जमलेल्या ओळींची वर्दी निराळ्या जागीं ठेवणें. परंतु हे उपाय मागितल्यावांचून लागू होत नाहींत. शिवाय काम तुंबतांच संस्थेच्या दोन जबाबदार माणसांस इशारा जाईल अशी तजवीज पाहिजे.

तिसरा धोका क्रमाचा. एकाच नोंदीवर तीन बदल झाले, तर ते स्ट्रीममध्यें झाले त्याच क्रमानें येतात. परंतु एका सभासदाची नोंद आधीं झाली व दुसऱ्याची नंतर, तर त्यांच्या खबराहि त्याच क्रमानें निघतील असा भरंवसा नाहीं. ‘अगोदर आलेल्यास अगोदर बियाणें’ अशा वाटपाचा निर्णय खबरेच्या क्रमावर सोपवूं नये. नोंदींतच वेळ लिहावी व तीवरून ठरवावें.

चौथा धोका चक्राचा. फंक्शननें ज्या वहीची खबर ऐकावयाची त्याच वहींत उलट लिहिलें, तर त्या लिहिण्याची नवी ओळ पडते, फंक्शन पुन्हा उठतें, पुन्हा लिहितें, व हें चक्र थांबत नाहीं. मोफत मर्यादा तेव्हां पाहतां पाहतां संपते व बिल वाढत जातें. म्हणून फंक्शननें आपलें लिहिणें निराळ्या वहींत करावें. आणि कोणत्या ओळींनीं फंक्शन उठावें याची चाळणी, जी सोय २०२१ सालीं मिळाली, ती लावून घ्यावी. खर्चाची मर्यादा ओलांडतांच सूचना येईल असेंहि करावें.

पांचवा धोका खोडण्याचा. डायनॅमोडीबीची स्ट्रीम नोंद काढून टाकल्याची खबर देते; कॉसमॉस डीबीची चेंज फीड तिच्या नेहमींच्या पद्धतींत ती देत नाहीं. म्हणजे तेथें नोंद बदलणारा उघडा पडेल, व नोंदच नाहींशी करणारा सुटेल. सातबारावर पूर्वींच्या खातेदाराचें नांव खोडून टाकीत नाहींत. त्यास कंस करितात. हीच चाल येथें ठेवावी. नोंद काढण्याची मुभा कोणासहि देऊं नये. ‘रद्द’ असा शेरा, शेरा मारणाऱ्याचें नांव व कारण लिहावें. मग तो एक बदलच ठरतो, व त्याची खबर दोन्हीकडे निघते.

या रीतीच्या मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. लॅम्डाचें फंक्शन एका खेपेस फार तर १५ मिनिटें चालतें; वर्षअखेरचा सर्व ताळेबंद एका दमांत काढण्याचें तें साधन नव्हे. दूध केंद्रावर इंटरनेट नसेल तर नोंदच डेटाबेसांत उशिरा पोंचते, मग खबर वेळेवर कोठून येणार? सभासदाचा मोबाईल क्रमांक जुना असेल तर निरोप भलत्याच्याच हातीं जातो. आणि सर्वांत मोठी मर्यादा ही कीं, ज्याच्या हातीं या सेवेची किल्ली आहे तो खबर बंद करूं शकतो. दवंडी देणाराच फितूर झाला तर दवंडीचा काय उपयोग? म्हणून नोंद बदलण्याचा अधिकार एकाकडे व खबरेची व्यवस्था चालविण्याचा अधिकार दुसऱ्याकडे, अशी वांटणी संस्थेच्या पंचांनीं करावी, आणि खबर बंद केल्यास त्याची तारीख व कारण सभेपुढें यावें.

पुष्कळ सहकारी संस्था आपला हिशेब आतां संगणकावर नेत आहेत, व त्या कामाचे करार कित्येकदां न वाचतां होतात. पुढील सभेंत असा ठराव आला तर सभासदांनीं संकोच न करितां हे प्रश्न विचारावे. नोंद बदलल्यास जुनें व नवें दोन्ही आंकडे सभासदास कळतील काय? बदलणाऱ्याचें नांव नोंदींत राहील काय? तीच खबर दोनदा आली तर रक्कम दोनदा जमा वा वजा होणार नाहीं, हें कशावरून? काम तुंबलें तर २४ तासांच्या आंत कोणास कळेल? नोंद कायमची पुसण्याचा व खबर बंद करण्याचा अधिकार कोणाकोणाच्या हातीं आहे? या प्रश्नांचीं उत्तरें तोंडीं न घेतां करारांत लिहून घ्यावीं.

संगणक काय करितो हें प्रत्येक शेतकऱ्यानें शिकलेंच पाहिजे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु फेरफाराची नोटीस म्हणजे काय व ती न आल्यास काय होतें, हें ज्यास समजतें, त्यास हे प्रश्न विचारण्यापुरतें ज्ञान आधींच आहे. तेवढें वापरावें, इतकीच आमची विनंती आहे.